सांडूअण्णांचा समुद्र

रोज दुपारी साडेचार वाजले की आमचे शेजारी सांडूअण्णा समुद्र बघायला जायचे.

आता आमचं शहर कुठं आणि समुद्र कुठं! मधे अख्खा सह्याद्री आडवा पडलेला. पण अण्णा डोक्यावर कंपनीतलं पिवळं हेल्मेट चढवायचे, मोपेडवर पायापाशी घडीचं स्टूल ठेवायचे आणि दारातून बायकोला, कडूबाईंना, ओरडून सांगायचे, "समुद्रावर चाललो गं!" आवाज असा, की कॉलनीत नव्यानं राहायला आलेल्या माणसानं घाबरून खिडकी उघडावी.

त्याचं असं झालं. हर्सूलच्या पुढं, सिल्लोडच्या रस्त्याला एक जुनं वॉटर पार्क आहे. दोन-चार घसरगुंड्या आणि एक कायम कुरकुरणारा पाळणा. त्याच्या मालकानं एक दिवस मागच्या पडीक रानाला चहूकडून पत्रे ठोकले आणि रस्त्यावर भलामोठा बोर्ड लावला : 'येत आहे! समुद्रनगरी! मराठवाड्याचा स्वतःचा समुद्र!' चित्रात दीपस्तंभ, शिडाचं जहाज, कोळ्यांची वस्ती आणि माणसाच्या डोक्यावरून जाणारी लाट. खाली लिहिलं होतं, 'आत पाऊल टाका, बाहेरचं जग विसरा.'

कॉलनीत हसू पिकलं. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येणारी माणसं आम्ही. आमच्यासाठी कोण समुद्र आणणार? हसले नाहीत ते फक्त अण्णा. ते बोर्डापुढं मोपेड लावून पंधरा मिनिटं उभे राहिले, घरी आले आणि मला म्हणाले, "बाई, काम मोठं हाय. ह्याच्यावर कुनीतरी लक्ष ठेवाय पाह्यजे."

अण्णा वाळूजच्या एका कारखान्यात तपासनीस होते. तीस वर्षं त्यांनी लोखंडी पार्ट हातात घेऊन, गेज लावून, एकेकाचा निकाल लावला. पार्ट चांगला असला तर 'ओके', थोडं चुकलं असेल तर 'रिवर्क' आणि अगदीच वाया गेलेला असला तर 'रिजेक्ट'. नोकरी संपली, पण हे तीन शिक्के काही खाली ठेवले नाहीत. माझ्याकडचे पोहे खाऊन ते म्हणत, "ओके. कढीपत्ता तेवढा रिवर्क." एका लग्नात अक्षता पडत असताना सगळ्यांचं लक्ष नवरानवरीकडं, अण्णांचं मांडवाकडं. "डावा खांब दोन सूत भायेर हाय," असं ते भटजींना सांगून आले. शिवाय तपासणीला ते तपासणी म्हणत नसत. त्यांचे वडील निजामाच्या वेळचे. त्यांच्या तोंडचा शब्द अण्णांनी जपला होता. ते म्हणायचे, 'मुआयना'.

तर पत्र्यांच्या त्या कुंपणात, फाटकापासून पाचव्या पत्र्याला एक भोक होतं. ते भोक अण्णांचं. स्टूल मांडून, त्याला डोळा लावून ते दीड तास बसत. धूळ उडाली की रुमालानं भोक पुसत. पार्कचा वॉचमन सलीमचाचा पहिले आठ दिवस त्यांना हाकलत होता. नंतर तोच चहा आणायला लागला. "क्या सांडूभाई, रोज आते? समंदर कहाँ भागके जारा?" तो विचारायचा. अण्णा भोकावरचा डोळा न काढता म्हणायचे, "भागता नाय, पर बिघडता हाय, चाचा. ध्यान रखना पडता हाय."

संध्याकाळी साडेसहाला ते परत यायचे तेव्हा किराणा दुकानाच्या ओट्यावर पाच-पन्नास माणसं जमलेली असत. सुरुवातीला टिंगल करायला जमायची, पण महिन्याभरात बातमी ऐकायलाच जमू लागली. अण्णा हेल्मेट काढून मांडीवर ठेवत आणि सांगत, "आज जहाजाचं नाक बसलं." मग एक समाधानाचा हुंकार उठायचा. "दीपस्तंभाला पैला हात मारला. लाल-पांढरा. लाल ओके हाय, पांढऱ्यात वरच्या अंगाला रिवर्क." बायका चिंतेत पडायच्या. जणू घरचंच बांधकाम चाललंय, अशी आमची अवस्था झाली. कुणाकडं पाहुणे आले तरी 'समुद्र झाला का तुमचा?' असंच विचारायचे. मी प्राथमिक शाळेत शिकवते. चौथीच्या वर्गाला 'समुद्र' या विषयावर पाच ओळी लिहायला सांगितल्या, तर एका मुलीनं पहिलीच ओळ लिहिली, 'समुद्र पत्र्याच्या मागे असतो.' मी ती चूक म्हणून खोडणार होते. मग नाही खोडली.

मला नवल वाटायचं ते वेगळ्याच गोष्टीचं. अण्णांचं घराणं मेंढपाळांचं. लहानपणी सिल्लोडच्या डोंगराकडं मेंढ्या वळलेला माणूस. समुद्र त्यांनी जन्मात पाहिलेला नव्हता. तसं ते स्वतःच सांगत. "समुद्र म्हंजी पान्याचं रान, बाई. फकस्त चरायला कायबी नाय." पण तेच अण्णा एकदा ठेकेदाराला भर रस्त्यात अडवून म्हणाले, "सायेब, होड्या चुकीच्या लावल्यात तुमी. वस्तीकडं नाळ करून कामून ठिवल्या? होडीचं तोंड पान्याकडं पाह्यजे. सकाळी उटून निघायचं आसतंय त्यांना." ठेकेदार चक्रावला. त्यानं कुणाला तरी फोन केला आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या होड्या फिरवल्या. अमावस्या आली की अण्णा ओट्यावर सांगायचे, "आज भरती मोठी आसंल." सुरमई कोणती, बांगडा कोणता, जाळं कधी वाळत घालतात, पावसाळ्यात होड्या का ओढून ठेवतात, सगळं माहीत. मेथी-भाकरीवर वाढलेल्या या माणसाला हे कोण शिकवत होतं?

उद्घाटनाची तारीख दिवाळीची होती, ती गुढीपाडव्यावर गेली. पाडव्याची उन्हाळी सुट्टीवर गेली. बोर्डावर जुन्या तारखेवर नवा कागद चिकटवायचे, आणि तो तिरका चिकटवला म्हणून अण्णा रागवायचे. तारीख गेल्याचा राग मात्र नाही. "घाईत केलेला पार्ट परत येतोच," ते म्हणायचे.

मार्चमध्ये अण्णांना ताप भरला. दोन दिवस अंथरुणातून उठता येईना. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावून घेतलं आणि कण्हत म्हणाले, "बाई, आजचा मुआयना तुमी करा." मी नको नको म्हणत गेले. सलीमचाचानं मला अदबीनं स्टुलावर बसवलं. भोकाला डोळा लावला, तर समोर सगळं निळंच निळं. मी दहा मिनिटं बघितलं आणि परत आले.

"काय दिसलं?" अण्णांनी विचारलं.

"निळं दिसलं."

"निळं म्हंजी कोन्तं निळं? शाईचं का आभाळाचं का मोरपिशी?"

"निळं हो अण्णा. नेहमीचं."

ते उठून बसले. "तळाला का भितीला? पट्टा किती रुंद? एकसारखं का कडेला फिकं?" त्यांनी कपाळावरची पट्टी काढून माझ्याकडं असं बघितलं, की मला वाटलं आता माझ्यावरच शिक्का पडतो. आतून कडूबाई म्हणाल्या, "आवो, राहू द्या की. त्या शाळा शिकवतात, समुद्र नाय."

मला पोचवायला त्या फाटकापर्यंत आल्या. हळूच म्हणाल्या, "बाई, राग नका मानू. आमची वैशू तिकडं आसती ना."

वैशू म्हणजे त्यांची एकुलती मुलगी वैशाली. ती लग्न होऊन गेली, एवढं मला माहीत होतं. मी इथं राहायला येण्याआधीची गोष्ट. बाकीचं त्या दिवशी कळलं. अण्णांच्याच कारखान्यात, त्यांच्याच लाईनवर रत्नागिरीकडचा एक मुलगा होता. वैशालीनं त्याच्याशी परस्पर लग्न केलं. मुलगा कामाला चोख. "पाच वर्सात त्याचा येकबी पार्ट ह्यांनी माघारी धाडला न्हवता," कडूबाई म्हणाल्या. "पन पोरीनं इचारलं नाय, ह्ये लागलं. रागात म्हन्ले, आता तू आन् तुझा समुद्र. मी त्याचं तोंड बगनार नाय." मुलगा गावी परत गेला, वैशालीही गेली. सहा वर्षं झाली. तिनं दोनदा येते म्हणून निरोप धाडला, अण्णा दोन्ही वेळा गप्प राहिले.

"पन रोज दुपारी मी फोन लावते तवा ह्ये बाजूच्या खोलीत पेपर घेऊन बसत्यात," कडूबाई हसत म्हणाल्या. "मंग मी फोनचा आवाज मोठा ठिवते. तिनं भरतीचं सांगितलं, माशाचं सांगितलं, होड्यांचं सांगितलं. समदं ऐकत्यात. येक दिवस पेपर उलटा धरला व्हता. म्या काय बोलले नाय."

शेवटी मे महिन्यात समुद्रनगरी उघडली. आमच्या कॉलनीत वाळूजला कामगारांची बस चालवणारे एक ड्रायव्हर आहेत. त्यांनी सुट्टीच्या दिवशी बस मिळवली आणि आम्ही सगळे निघालो. पोरं खिडक्यांतून बाहेर लोंबत होती. म्हाताऱ्या बायकांनी नवी लुगडी नेसली होती. अण्णा ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर हेल्मेट घालून ताठ बसले होते, मुलीच्या लग्नाला निघालेल्या बापासारखे.

आत पाऊल टाकलं आणि आम्ही खरंच बाहेरचं जग विसरलो. पायाखाली वाळू. डोक्यावर निळा मांडव, कुठं संपतो ते कळू नये असा. कुठून तरी दमट, खारट वारा. दीपस्तंभाचा दिवा फिरत होता, होड्या पाण्याकडं तोंड करून उभ्या होत्या. मग भोंगा वाजला, पलीकडच्या भिंतीपाशी पाणी फुगलं आणि पहिली लाट आमच्याकडं यायला लागली. एकच आरोळी उठली. पोरं धावली, त्यांच्या मागं आया धावल्या. किराणा दुकानदार धोतर सावरत धावला. सलीमचाचा शिट्टी वाजवून सगळ्यांना मागं व्हायला सांगत होता आणि स्वतः गुडघाभर पाण्यात उभा होता.

अण्णा मात्र वाळूच्या कडेला बूट घालून उभे.

"अण्णा!" दुकानदार पाण्यातून ओरडला. "काय म्हनता? ओके का रिवर्क?"

सगळे त्यांच्याकडं बघायला लागले. वर्षभर आम्ही या एका शब्दासाठी थांबलो होतो. अण्णांनी पाण्याकडं बघितलं, आभाळाकडं बघितलं, आणि हेल्मेट काढलं. मला हळूच म्हणाले, "बाई, कस्काय सांगू? आस्सल मालच मी कंदी पाह्यला नाय. हातात नमुना नसताना पार्ट पास करायचा कसा? हे तर पाप हाय."

कडूबाई शेजारीच होत्या. त्यांनी पिशवीतून फोन काढला, बटण दाबलं आणि त्यांच्या हातात दिला. अण्णांनी तो गरम तव्यासारखा धरला. घंटी वाजत होती. मग पडद्यावर एक चेहरा आला.

"हां आई, बो—" आणि आवाज थांबला. "अण्णा?"

अण्णांनी घाईनं फोन पाण्याकडं फिरवला. "ह्यो बग," ते घसा खाकरून म्हणाले. "हितं केलाय. बरूबर हाय का तेवढं सांग."

दुसरी लाट येऊन गेली.

"छान केलाय अण्णा," वैशाली म्हणाली. आवाज ओला होता. "लाट जरा लौकर येते. खरी एवढी घाई नाही करत. थांबा हं, थांबा एक मिनिट."

अण्णांनी फोन परत आपल्याकडं वळवला. पडदा हलायला लागला. जिन्याच्या पायऱ्या दिसल्या, अंगण दिसलं, माडांची खोडं, पळत्या पायाखालची वाळू. मग चित्र स्थिर झालं. संध्याकाळचं ऊन पसरलेलं मोठ्ठं पाणी, कुठलाच मांडव नसलेलं. लाट दुरून निघत होती, सावकाश येत होती आणि काठावर येऊन निवांत मोडत होती. अण्णा फोन डोळ्यांजवळ नेऊन बघत राहिले. आमच्या समुद्राचा भोंगा पुन्हा वाजला, पाणी आलं, त्यांचे बूट भिजले, पँट घोट्यापर्यंत भिजली. त्यांनी खाली बघितलंही नाही.

"त्यो कुटाय?" त्यांनी विचारलं.

"कामावर. यायची वेळ झाली त्यांची."

"हात लई साफ व्हता त्याचा," अण्णा म्हणाले. "सांग त्याला, मी म्हन्लो म्हनून."

"तुम्हीच सांगा ना. इकडं या. आईला घेऊन या."

अण्णांनी मान हलवली. मान हललेली तिला दिसत नव्हती, कारण फोन अजून डोळ्यांना चिकटलेलाच होता. कडूबाईंनी पुढं होऊन तो हातभर लांब केला.

"वैशू," अण्णा म्हणाले, "पानी पाह्यलं मी. ओके हाय. आता तुज्याकडं फिरव की. तू दिसंना."

तिनं फोन फिरवला. वाऱ्यानं केस तोंडावर आलेले, डोळे लाल, आणि हसत होती. अण्णा तिच्याकडं बघत राहिले. तीस वर्षं त्यांनी एखाद्या पार्टकडंही इतका वेळ बघितलं नसेल.

"जेवली का?" त्यांनी विचारलं.

"अण्णा, सहा वाजलेत. आत्ता कोण जेवतं?"

"आसू दे," अण्णा म्हणाले. "इचारायचं राह्यलं व्हतं."