रॅम्प मी बांधला नाही

द्यायला काय, कोणीही देतं. दिलेल्याची रीतसर व्यवस्था लावणं हे खरं काम. ख्रिस्ती माणसाने उदार असावं आणि या हाताचं त्या हाताला कळू न देता द्यावं, अशी आमची शिकवण आहे, आणि ती आम्हाला संपूर्ण मान्य आहे. अडचण एवढीच की दोन्ही हातांना कळलं नाही तर नोंद कोण ठेवणार? म्हणून आमच्या मंडळीत आभार समिती आहे. मी तिचा चिटणीस. (मानद. चहा मिळतो.)

आमच्या चर्चमध्ये कोणीतरी भेट म्हणून न दिलेली वस्तू शोधून सापडायची नाही, आणि भेट देणाऱ्याच्या नावाची पितळी पट्टी नसलेली तर नाहीच नाही. बाकांना पट्टी आहे, पंख्याला आहे, पायपुसण्याला आहे. छत्री अडकवायच्या खिळ्यालाही आहे. (पट्टी खिळ्यापेक्षा मोठी असल्यामुळे लोक छत्री पट्टीलाच अडकवतात.) पट्ट्या पुसायची जबाबदारी ज्या कुटुंबाने घेतली आहे त्यांच्याही नावाची एक पट्टी आहे, आणि ती इतर सगळ्या पट्ट्यांपेक्षा लख्ख असते. या व्यवस्थेचा पाया म्हणजे आमचा नियम चौदा. देणाऱ्याचं नाव नोंदवून त्याचे जाहीर आभार मानल्याशिवाय कोणतीही भेट मंडळीची समजली जाणार नाही, आणि तोपर्यंत ती कोणी वापरणार नाही. नियम कडक आहे खरा, पण त्यामुळे आजवर एकही माणूस आमच्याकडून आभारांविना सुटलेला नाही.

आता बाईंबद्दल. बाई म्हणजे आमचा ऑर्गन चौतीस वर्षं वाजवणाऱ्या संगीत शिक्षिका. दोन वर्षांपूर्वी त्यांचं कंबरेचं हाड मोडलं आणि त्या व्हीलचेअरवर आल्या. चर्चच्या पुढच्या दाराला चौदा पायऱ्या आहेत आणि बाजूच्या दाराला तीन. पहिल्या रविवारी चार धट्ट्याकट्ट्या सभासदांनी त्यांना खुर्चीसकट उचलून आत नेलं. बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, "मी कपाट नाहीये. पुन्हा उचलू नका." तेव्हापासून त्या दर रविवारी भाचीबरोबर येतात आणि अंगणात खिडकीखाली बसतात. त्यांची गैरसोय होऊ नये म्हणून आम्ही खिडकी उघडी ठेवतो. (आतल्यांना वारं लागलं तर बंद करतो.) त्यांच्या जागी औषधांच्या दुकानवाल्याचा मेहुणा ऑर्गन वाजवतो. तो चुकला की खिडकीतून बाईंचा आवाज येतो, "चौथी ओळ. पुन्हा." मंडळी निमूटपणे चौथी ओळ पुन्हा म्हणते.

बाजूच्या दाराला रॅम्प करावा असा ठराव आम्ही लगेच मंजूर केला होता. मंडळीला बाईंबद्दल किती माया आहे ते यावरून दिसतं. त्यासाठी उतार उपसमिती नेमली. तिने दोन वर्षांत अकरा बैठका घेतल्या, आणि उतार फार तीव्र असू नये आणि फार सौम्यही असू नये, इथपर्यंत एकमत घडवून आणलं.

आणि मग एका बुधवारी सफाई करणारी बाजूचं दार उघडायला गेली, तर रॅम्प होता. लाकडी, भक्कम, तिन्ही पायऱ्या झाकून थेट उंबऱ्याला टेकलेला. रविवारी नव्हता. मधल्या दोन दिवसांत कोणीतरी येऊन, बांधून, भुसा झाडून निघून गेलं होतं. चिठ्ठी नाही, नाव नाही, पट्टी नाही. उतार उपसमितीने तपासणी करून सांगितलं की उतार फार तीव्र नाही आणि फार सौम्यही नाही.

मला मनापासून आनंद झाला आणि मी ताबडतोब रॅम्पच्या दोन्ही टोकांना दोरी बांधली. त्यावर पाटी लावली: "आभार बाकी आहेत. कृपया वापरू नये."

रविवारी पाळकसाहेबांनी व्यासपीठावरून विनंती केली की ज्या कोणी हे प्रेमाचं काम केलं असेल त्यांनी पुढे यावं. कोणी आलं नाही. बाई दोरीपाशी थांबल्या, पाटी वाचली आणि भाचीला म्हणाल्या, "चल, खिडकीखाली." उपासना संपल्यावर चहा सुरू झाला आणि चहाबरोबर नकार सुरू झाले.

बेकरीवाले माझ्याजवळ येऊन म्हणाले, "हे बघा, मी नाही. मला उगाच त्यात ओढू नका." त्यांना कोणीही ओढत नव्हतं. दातांच्या डॉक्टरांनी पट्टी बांधलेला अंगठा सगळ्यांना दिसेल असा कपाभोवती धरला आणि म्हणाले, "हे ना? काही नाही हो, दारात सापडला." विमा एजंट दोन साक्षीदार घेऊन आले, मंगळवारी आपण चर्चच्या आसपासही नव्हतो हे सिद्ध करायला. (साक्षीदारांना तेवढी खात्री वाटत नव्हती. एजंटांनाही ते चाललं.) तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या गावी राहायला गेलेल्या एका सभासदाने रजिस्टर्ड पोस्टाने नकार पाठवला.

समितीने नकार नोंदवही उघडली. पाच आठवड्यांत एकशे अठरा कुटुंबांपैकी सत्त्याण्णव कुटुंबांनी नकार नोंदवला. त्यांपैकी एक्केचाळीस कुटुंबांना कोणी विचारलंच नव्हतं, आणि बारा जणांनी पहिला नकार नीट ऐकला गेला नाही अशा शंकेने पुन्हा दिला. सोयीसाठी आम्ही प्रकार पाडले: साधा नकार, लाजरा नकार, संतप्त नकार आणि सूचक नकार. सूचक म्हणजे "मी नाही" म्हणताना खांदा दुखतोय असं दाखवायचं. सूचक नकार सर्वांत जास्त, चौसष्ट. (त्यात माझा एक आहे. माझा खांदा खरोखरच दुखत होता.) उरलेल्या एकवीस कुटुंबांकडे लोक संशयाने बघू लागले, तेव्हा त्यांनीही घाईघाईने नकार दिला. अशा रीतीने हे काम शंभर टक्के लोकांनी केलेलं नाही हे निर्विवाद झालं.

आमच्यात सुतार एकच आहे. साहजिकच त्याला बोलावून घेतलं. त्याने रॅम्पला एक फेरी मारली, वाकून बघितलं आणि म्हणाला, "मी नाही. मी केला असता तर कडेला पट्टी मारली असती. चाक घसरलं म्हणजे?" हा नकार कुठल्याच प्रकारात बसेना, म्हणून समासात लिहिला. तर पुढच्या रविवारी रॅम्पच्या दोन्ही कडांना लाकडी पट्टी मारलेली होती. त्यावर शिंपीणबाई म्हणाल्या, "मी तर नाहीच बाई, माझं असतं तर खाली रबराची चटई नसती का घातली, पावसात निसरडं होईल." दोन दिवसांत चटई आली. मग कोणी तरी कठड्याबद्दल बोललं. मी समितीला सावध केलं की आता अज्ञात माणसं तीन झाली आहेत आणि हे असंच वाढत गेलं तर आभारांची थकबाकी आपल्याला झेपणार नाही. तरी कठडा आलाच. गुळगुळीत घासलेला, हाताला कुसळ लागू नये असा.

दोरी अर्थातच होती तशीच होती.

सहाव्या रविवारी पाळकसाहेबांनी उदारतेवर प्रवचन दिलं. फार सुंदर झालं. द्यावं तर हिशेब न ठेवता, असं ते सांगत होते आणि मी इतिवृत्तात वेळ नोंदवत होतो. तेवढ्यात भाची आत आली आणि सरळ आमच्या बाकापाशी येऊन उभी राहिली.

"मावशीने विचारलंय," ती म्हणाली, "आभार मानायचेच असतील तर ते तिने मानायचे ना? मग ती चढल्याशिवाय कशाबद्दल मानणार? आणि तिने सांगितलंय, बाहेर थंडी आहे आणि तुम्ही खिडकी लावून घेतलीय."

आम्ही तातडीची बैठक घेतली. मुद्दा बिनतोड होता, पण बेकायदेशीर. आभार मानण्यासाठी वापर हवा आणि वापरासाठी आभार हवेत. शेवटी भूमापन खात्यातून निवृत्त झालेले आमचे ज्येष्ठ सभासद उठले. चाळीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या हद्दी ठरवल्या आहेत. ते म्हणाले, "जी वस्तू पूर्वीपासूनच आहे तिला देणारा लागत नाही. रॅम्प पूर्वीपासूनच होता असं सगळ्यांनी सही करून द्या. विषय संपला."

"पण ते खोटं होईल," पाळकसाहेब म्हणाले.

"देवाच्या लेखी सगळं पूर्वीपासूनच असतं. गेल्या महिन्यात तुम्हीच सांगितलंत."

स्वतःचं प्रवचन कोणी ऐकतं याची पाळकसाहेबांना कल्पना नव्हती.

सह्या जमवायला आठवडा जाईल असा माझा अंदाज होता. एकशे अठराच्या एकशे अठरा कुटुंबांतल्या सगळ्यांच्या सह्या वीस मिनिटांत झाल्या. कारण उघड आहे. रॅम्प आपल्या नावावर होण्याची आशा प्रत्येकाला होती, पण त्याहून मोठी धास्ती होती ती तो दुसऱ्याच्या नावावर होण्याची. कोणाच्याच नावावर नाही म्हटल्यावर सगळ्यांना हायसं वाटलं. दातांच्या डॉक्टरांनी तर सही करतानाच अंगठ्याची पट्टी काढून टाकली. आत जखम नव्हती. ज्यांनी खरोखर फळ्या आणल्या, खिळे मारले, कठडा घासला, त्यांच्याही सह्या त्या कागदावर आहेत, कारण त्यावर सही नसलेला एकही माणूस आमच्यात नाही. आमच्या इतिहासातलं हे पहिलंच खरोखरचं गुप्तदान, आणि ते समितीच्या अथक प्रयत्नांमुळेच गुप्त राहिलं, हे मी अहवालात ठळक अक्षरांत लिहिलं आहे.

मी दोरी सोडली. भाचीने खुर्ची ढकलली आणि बाई वर आल्या. दोन वर्षांनंतर, बारा सेकंदांत. (घड्याळ हातातच होतं.) कठड्यावरून हात फिरवत आल्या, मधल्या वाटेने थेट ऑर्गनपाशी गेल्या आणि मेहुण्याला म्हणाल्या, "सरक." हवा भरायच्या पायपट्ट्या हाताने दाबायला तो खाली बसला, सूर बाईंनी धरले. चौथी ओळ दोन वर्षांत पहिल्यांदाच चौथ्या ओळीसारखी ऐकू आली. मला रडू आलं. (हे इतिवृत्तात नाही.)

खरं तर इथे सांगायचं संपलं. ज्यांना आत यायचं होतं त्या आत आल्या, आणि हे सगळं त्याचसाठी होतं. पण तुमचं समाधान झालेलं नाही, हे मला इथून दिसतंय. तुम्ही मघापासून एक डोळा त्या सुतारावर ठेवून आहात, मध्येच भाचीवर आणि एकदा माझ्यावरही. बाई वर चढत होत्या तेव्हासुद्धा तुमच्या मनात चाललं होतं, ते सगळं ठीक आहे हो, पण बांधला कोणी? संकोच करू नका. आमच्या समितीत एक जागा रिकामी आहे, आणि तुम्हाला आम्ही मुलाखतीशिवाय घेऊ.