लग्नात मिळालेला तंबोरा

बंडप्पानं तंबोऱ्याच्या घोडीवर कानस चालवली आणि तिथंच सगळं बिनसलं. तशी तक्रार फार मोठी नव्हती. तारा छान गुंजायला हव्या होत्या, त्या जरा झणझणत होत्या, इतकंच. पण आज सोमवार. सासरे महालिंगप्पा तुळजापूरहून बेंबळीला भजनासाठी येणार, आणि तंबोरा त्यांनीच लग्नात दिलेला! जावयाच्या हातची करामत त्यांना दाखवावी अशी हौस गड्याला आली. ज्या कामाला मिरजेचे कारागीर आठ-आठ दिवस घेतात, ते हे महाशय न्याहारीच्या आत उरकणार होते.

"हळू घासा की वो," बायको शांतम्मा चुलीपुढून म्हणाली.

"तू भाकरी बघ. ह्यातलं तुला काय कळतंय?"

घासता घासता घोडी इतकी झिजली की तिच्यावर टेकणाऱ्या तारा खाली लाकडाला लागल्या. मग त्यानं घोडीखाली ज्वारीच्या धाटाची कपची सारली, तर तारा नको तेवढ्या ताणल्या. त्या सैल कराव्यात म्हणून खुंटी पिळली, तीही उलटी. टण्ण! तार तुटून कपाळावर बसली.

लढाईचे दिवस. धाराशिवच्या बाजारात घासलेट मिळेना, तिथं तंबोऱ्याची तार कोण देतो? बंडप्पाची नजर पिठाच्या चाळणीवर गेली. त्यानं एक तार ओढली, तर तिच्यामागं अर्धी जाळीच उसवून आली.

"अवो, माझी चाळण!" शांतम्मा कडाडली. "आता आप्पांना काय सांगू? तुमच्या तंबोऱ्याला माझी चाळण जोडलीया म्हणून?"

ती तार लावून तंबोरा छेडला, तर बैलगाडीतला पत्र्याचा डबा बोलावा तसा बोलला. बंडप्पाला दरदरून घाम फुटला. सासरे कानाचे पक्के. सूर सोडणाऱ्याचे ते भर भजनात कान उपटायचे. आता आपली अब्रू काय राहते!

तेवढ्यात महालिंगप्पा दारात हजर. पाय धुवायच्या आधीच त्यांनी दबकत विचारलं, "तंबोरा कसाय?"

बंडप्पानं त्यांचे पायच धरले. "मामा, चुकलो! घोडी म्या घासली. पार वाटोळं केलं."

"तुम्ही घासली? मग आधी बरी हुती?"

"जरा झणझणत हुती, तेवढंच."

महालिंगप्पा भिंतीला टेकून मटकन खाली बसले. "जावईबापू, ती झणझण माझी! तुमच्या लग्नाआधी म्याच कानस चालवली हुती. तंबोरा माझ्या सासऱ्यांचा. घरात ठिवला असता तर तुमच्या सासूनं, इरम्मानं, मला जितं सोडलं नसतं. म्हणून तुमच्या गळ्यात घातला. सहा वर्सं झाली, इथं यायचं म्हटलं की एकच धास्ती. आज जावई बोलणार, आज बोलणार!"

बंडप्पाचा जीव भांड्यात पडला. दोघं डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. शांतम्मासुद्धा चाळणीचं दुःख विसरून पदराआड हसली.

संध्याकाळी मंडळी जमली. "तंबोरा कुठाय?" कुणीतरी विचारलं.

"मिरजेला धाडलाय," दोघं एकदम म्हणाले. त्या दिवशी महालिंगप्पा नुसत्या टाळांवर असे मोकळ्या गळ्यानं गायले की लोक बघत राहिले.

सकाळी निघताना त्यांनी जावयाला बाजूला घेतलं. "नात किती वर्सांची झाली?"

"तीन."

"मग तंबोरा नीट गुंडाळून ठिवा," महालिंगप्पा म्हणाले. "तिच्या नवऱ्याला द्यायला हुईल."