प्रल्हादभाऊंनी काढलेला एकुलता एक व्हिडिओ

प्रल्हादभाऊ साळव्यांच्या कॅमेऱ्याला जखम झालेली आहे, अशीच बघणाऱ्याची समजूत होते. काळाभोर, ऐटबाज, गळ्यात घातला तर माणूस थोडा पुढे वाकावा एवढा वजनदार कॅमेरा. आणि त्याच्या माथ्यावर एक औषधी चिकटपट्टी. दाढी करताना कापल्यावर लावतो ना, अगदी तसलीच.

“याला काय लागलं ओ?” असं कुणी विचारलं की भाऊ डॉक्टरच्या गांभीर्याने सांगतात, “तिथं व्हिडिओचं बटण हाय. उघडं ठिवलं की चिघळतं.”

परतूरला स्टेशनरोडवर माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि बरोबर समोर भाऊंचा स्टुडिओ. मधे फक्त रस्ता. पंचवीस वर्षं आम्ही एकमेकांच्या गिऱ्हाइकांवर टीका करत सुखाने जगतो आहोत. त्यामुळे या जखमेचा मी साक्षीदार आहे. कॅमेरा घ्यायला जालन्याला मीच सोबत गेलो होतो.

दुकानदार बिचारा उत्साहात म्हणाला, “साहेब, यात व्हिडिओपण एक नंबर निघतो.”

“म्या फोटोचा कॅमेरा मागितला,” भाऊ म्हणाले.

“फोटोचाच आहे. व्हिडिओ वरून फुकट.”

“मंग तेवढा काढून ठिवा. लागंल त्याला द्या.”

“तो निघत नाही साहेब, आतच असतो.”

भाऊंनी कॅमेरा काउंटरवर ठेवला. “बैल घ्यायला आलो, तर हा दूधबी देतो म्हणून राह्यले तुम्ही! असल्या बैलावर माझा बिलकुल भरोसा न्हाई.”

दुकानदाराने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. शेवटी फोटो चांगले निघतात म्हणून कॅमेरा घेतला. पण स्टेशनला यायच्या आधी भाऊंनी मेडिकलमधून पट्टी घेतली आणि गाडी जालना सोडायच्या आत ते बटण कायमचं बंद केलं.

तुम्हाला वाटेल, माणूस अडाणी आहे. अजिबात नाही. त्यांचं स्वतःचं शास्त्र आहे आणि ते ऐकताना मी पुष्कळ झेरॉक्स काळ्या काढल्या आहेत. “व्हिडिओवाला काय करतो दादा? समोर असंल ते सगळं गोळा करून नेतो. कडबा बी, कचरा बी. फोटोवाल्याला निवडावं लागतं. अख्ख्या लग्नात माय एकदाच खरी रडती. तेवढा टाइम पकडायचा. बाकीचा वेळ ती वाढप्यांवर वरडत असती, ते कामून जपून ठेवायचं?”

मी म्हणायचो, “पण भाऊ, आवाज? फोटोत माणूस बोलत नाही.”

“तेच तर त्याचं भलं हाय,” भाऊ म्हणायचे.

आणि मग त्यांचा तो जगप्रसिद्ध हुकूम: “हलू नका!” जगप्रसिद्ध म्हणजे परतूर तालुक्यात. हा हुकूम ऐकत इथली एक अख्खी पिढी लहानाची मोठी झाली. बाळ हलत नाही, म्हातारा खोकत नाही, स्टुडिओतली माशी बसल्या जागी पाय जुळवून बसते. पोळ्याला एका शेतकऱ्याने सजवलेला बैल फोटोला आणला होता. भाऊंनी हुकूम सोडला, बैल थांबला. फोटो झाला, मालक घरी गेला, बैल तिथंच. भाऊंनी “झालं, जा” म्हटल्यावर मग निघाला. एका लग्नात तर नवरा-नवरीला हार हातात धरून त्यांनी इतका वेळ उभं केलं, की हारावर मधमाशांनी पोळं धरायला घेतलं. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. निदान एक माशी तरी नक्की होती.

तर अशा माणसावर माझ्या मुलीच्या लग्नाने संकट आणलं.

प्रज्ञा माझी एकुलती एक. तिच्या नामकरणापासून दहावीच्या सत्कारापर्यंत सगळे फोटो भाऊंचे. भाऊंना मूलबाळ नाही. वहिनी जाऊनही बरीच वर्षं झाली. स्टुडिओच्या मागच्या खोलीत एकटेच राहतात. प्रज्ञा लहानपणी शाळेतून सुटली की आधी त्यांच्या दुकानात दप्तर टाकायची, मग माझ्या.

तिचं लग्न बदनापूरला जमलं. मंडळी चांगली, पण त्यांची एकच अट: व्हिडिओ पाहिजे. तुमचा फोटोवाला काढत नसेल तर जालन्याची पार्टी ठरवू. उडता कॅमेरा, फोटो, व्हिडिओ, सगळं तीच बघेल. म्हणजे भाऊंनी जेवायला यायचं आणि अहेर देऊन परत जायचं.

हे सांगायला मी रस्ता ओलांडला. आयुष्यात तो रस्ता मला इतका रुंद कधी वाटला नव्हता. भाऊंनी ऐकून घेतलं. फडक्याने लेन्स पुसत राहिले. मग म्हणाले, “त्या पार्टीला म्हाईत हाय का, प्रज्ञा हसायच्या आधी नाक फुगवती ते?”

“नसेल.”

“मंग हसू कवा येणार, ते त्यांना कळंल कसं? वरून उडून?”

भाऊंनी कॅमेरा जवळ ओढला, नख लावलं आणि पट्टी टराटरा काढली.

“लेकीच्या लग्नात दुसरा कुणी फोटोवाला न्हाई. व्हिडिओ बी म्याच काढतो.”

लग्नाच्या दिवशी पट्टी काढलेला नवा कॅमेरा तिपाईवर आणि त्याच्या आधीचा जुना भाऊंच्या गळ्यात. नवा आपोआप व्हिडिओ काढणार आणि भाऊ जुन्यावर फोटो. योजना बरोबर होती. घोटाळा एकच झाला, तो पुष्पवृष्टीच्या वेळी. भंतेजींची शेवटची मंगलगाथा संपत आली, पाचशे माणसांनी ओंजळीत गुलाबाच्या पाकळ्या घेऊन हात उचलले, आणि भाऊंनी सवयीने जुना कॅमेरा डोळ्याला लावून गर्जना केली, “हलू नका!”

संपला विषय. आमच्या बाजूचं सगळं परतूर जागच्या जागी थिजलं. अडीचशे ओंजळी हवेत. माझा मेव्हणा शिंकेच्या मध्यावर. बदनापूरची मंडळी मात्र या शिस्तीत वाढलेली नव्हती. त्यांनी आपल्या पाकळ्या टाकल्या, टाळ्या वाजवल्या, आणि पलीकडच्या पुतळ्यांकडे घाबरून बघायला लागली. आमची विहीणबाई माझ्या बायकोला हळूच म्हणाली, “ताई, तुमच्याकडच्यांना बरं न्हाई का?”

बायको काय बोलणार? तिचाही फोटो चालू होता.

लग्न पार पडलं. गाडी बदनापूरला गेली. भाऊंनी दुसऱ्याच दिवशी बटणावर नवी पट्टी लावली आणि व्हिडिओ पेनड्राइव्हवर घालून आणून दिला. “बघितला का?” मी विचारलं. “म्या व्हिडिओ बघत न्हाई,” ते म्हणाले आणि रस्ता ओलांडून गेले.

प्रज्ञा पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा आम्ही तिघांनी तो टीव्हीवर लावला. पुतळ्यांचा प्रसंग आम्ही चारदा पाहिला. मेव्हण्याची शिंक पाचदा. बायको हसून हसून पलंगावरून खाली आली. नंतर जेवणावळ, मग पाठवणी, मग रिकामं होत गेलेलं स्टेज. बटण चालू कसं करायचं ते भाऊ शिकले होते; बंद करायचं राहून गेलं होतं.

मी रिमोट शोधत होतो, तेवढ्यात टीव्हीत भाऊ आले.

स्टेजवर दोन रिकाम्या खुर्च्या होत्या. भाऊंनी आधी खाली सांडलेल्या पाकळ्या पायाने बाजूला सारल्या. गळ्यातला जुना कॅमेरा काढून पायरीवर ठेवला. इकडंतिकडं पाहिलं, कुणी नव्हतं. मग ते खुर्च्यांच्या बाजूला, जिथं काका-मामा उभे राहतात ना, बरोबर तिथं जाऊन उभे राहिले. शर्टाचं वरचं बटण लावलं. केसांवरून हात फिरवला. समोर बघितलं, आणि थोडंसं हसले.

दहा-बारा सेकंद असतील. मंडपवाले खुर्च्या न्यायला आले, तसे भाऊ लगबगीने खाली उतरले आणि एक खुर्ची स्वतःच उचलू लागले.

प्रज्ञाने उठून कपाटातले सगळे अल्बम काढले. नामकरण, शाळा, सहली, सत्कार. सगळी माणसं होती. भाऊ एकातही नव्हते.

ती आत गेली, लग्नातली पांढरी साडी नेसून आली आणि म्हणाली, “बाबा, चला.”

भाऊ स्टुडिओत खुर्ची पुसत होते. “आली का बाई! व्हिडिओ कसा निघाला?”

“छान निघाला काका. पण तुम्ही नका बघू.”

“म्या कशाला बघतो! बस. पासपोर्ट साइज का?”

“ग्रुप फोटो काढायचाय.”

“ग्रुपात कोण कोण हाय?”

“मी न् तुम्ही.”

भाऊ हसले. “येडी झाली का? मंग काढणार कोण?”

तिने माझ्याकडे बोट केलं. त्यांचा कॅमेरा आजवर दुसऱ्या कुणाच्या हातात गेलेला नव्हता. भाऊंनी तो गळ्यातून काढला, परत घातला, परत काढला. शेवटी दोन्ही हातांनी माझ्याकडे दिला आणि सूचना सुरू केल्या: पट्टा गळ्यात घाला, काचेला बोट लावू नका, श्वास धरा, घाई बिलकुल करू नका.

मग ते पडद्यासमोर जाऊन तिच्यापासून हातभर लांब उभे राहिले. हात आधी मागे बांधले. मग पुढे घेतले. मग खिशात घातले, आणि एकदम काहीतरी चुकल्यासारखे बाहेर काढले.

“दादा,” ते अगदी बारीक आवाजात म्हणाले, “हात कुठं ठिवू?”

प्रज्ञाने त्यांचा उजवा हात धरला आणि आपल्या डोक्यावर ठेवला.