भिंगमामा आणि लॉनवरची तपकिरी वर्तुळं

"या पिढीत दोनच माणसांचं डोकं खऱ्या अर्थानं चाललं," भिंगमामा स्वतःबद्दल सांगत. "त्यातला दुसरा कोण, ते मात्र मला अजून सापडलेलं नाही."

नोकरीत ते गोदामातले नट-बोल्ट मोजत. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक भिंग विकत घेतलं आणि ते गुप्तहेर झाले. घरातले हरवलेले कितीतरी चष्मे त्यांनी शोधून काढले होते. दरवेळी ते मामींना सापडत, ही बाब ते किरकोळ मानत.

अशात दारापुढच्या लॉनवर ताटाएवढं तपकिरी वर्तुळ उमटलं.

"अहो, गवताला काहीतरी झालंय," मामी म्हणाल्या.

"गवताला काही होत नसतं. गवताचं कुणीतरी काहीतरी करतं."

कुणीतरी गरम पातेलं टेकवलं असणार, हा पहिला निष्कर्ष. मामांनी घरातली सगळी पातेली वर्तुळावर ठेवून पाहिली. एकही बसेना. पुढच्या काही दिवसांत वर्तुळच वाढलं आणि सर्वांत मोठं पातेलं नेमकं बसलं. त्या संध्याकाळपर्यंत मामी मुख्य संशयित होत्या. मग शेजारी आणखी वर्तुळं उमटली, आणि एवढी पातेली आपल्याकडे नाहीत म्हणून त्यांची निर्दोष सुटका झाली.

आता संशय शेजारच्या कुत्र्यावर गेला. शेजारी दातांच्या डॉक्टरबाई राहत. लेक सासरी गेल्यापासून मामींशी मन मोकळं करून बोलणारं तेवढंच एक माणूस होतं. रोज दुपारी कुंपणाच्या फटीतून चहाचा कप तिकडून इकडे येई. त्याच फटीत मामांनी तोंड घातलं.

"काल दुपारी आपला कुत्रा कुठे होता?"

"झोपला होता," डॉक्टरबाई खिडकीतून म्हणाल्या.

"साक्षीदार?"

"मीही झोपले होते."

"म्हणजे दोघांचा कट!"

खिडकी धाडकन बंद झाली. दुसऱ्या दिवशी चहा आला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. कुत्र्यापायी मैत्रीण गेली, याचं मामींना फार वाईट वाटलं.

मामांनी मात्र सापळा रचला. जमीन मऊ असली की ठसे उमटतात, म्हणून रोज दिवेलागणीला ते लॉनवर नळी धरून चिखल होईपर्यंत उभे राहत. सकाळी ठसे हजर! मोठा बूट, डावा पाय किंचित आत.

"निर्ढावलेला आहे," मामा भिंग पुसत म्हणाले. "रोज येतो."

मामींनी ठशांकडे पाहिलं. मग मामांच्या पायांतल्या गमबुटांकडे पाहिलं. त्यांनी चपला घातल्या आणि शेजारची बेल वाजवली.

"तुमच्या कुत्र्याची माफी मागायला आलेय," त्या म्हणाल्या. डोळ्यांत पाणी होतंच.

डॉक्टरबाई दवाखान्याचा कोट घालूनच आल्या. वाकून त्यांनी वर्तुळाच्या कडेला बोट लावलं. दवात कोळिष्टकासारखे पांढरे धागे दिसत होते.

"बुरशी आहे ही. पाणी कधी घालता?"

"अंधार पडताना. ठशांसाठी," मामा म्हणाले.

"आणि खत?"

"पाकिटावर मूठभर लिहिलं होतं. मी पाकीटच संपवलं. मागे पुरावा ठेवत नाही मी."

"रोज गोड खाऊन तोंड न धुता झोपलं की दातांचं जे होतं, तेच झालंय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "खत बंद करा. पाणी पहाटे घाला, म्हणजे उन्हानं पाती वाळतील. ओलं गवत कापू नका, यंत्राचं पातं धुऊन ठेवा. आणि ओल्यात हिंडू नका, बुटांना लागून ती पसरते."

मामांनी भिंगातून आपल्याच बुटांकडे पाहिलं.

"म्हणजे गुन्हेगार रोज घटनास्थळी परत येत होता, हे मी बरोबर ओळखलं होतं."

"हो," मामी म्हणाल्या. "बूट काढा."

हळूहळू वर्तुळांतून हिरवे कोंब डोकावू लागले. एका दुपारी कुंपणाच्या फटीतून कप आला. पलीकडे कुत्रा झोपला होता, अलीकडे मामा अनवाणी बसले होते.

"त्यांनाही एक कप द्या हो," मामी म्हणाल्या. "आरोपी असला तरी माझाच आहे."