बॉनेटवरचं चिलट

"बॉनेट ओलं आहे. संध्याकाळपर्यंत कोणी हात लावायचा नाही. मी आई-बाबांना घेऊन येतो. पिल्लूवर लक्ष ठेव!" एवढं बजावून नवरा गेला.

बाबांची जुनी गाडी त्यांना पुन्हा जशीच्या तशी दाखवायची, या ध्यासापायी त्याने पाच महिने गॅरेजात काढले होते. निळ्याच्या सात छटा त्याने तिला दाखवल्या; तिला सातही सारख्याच दिसल्या. शेवटी दाराच्या रबराखाली खरवडून मूळ रंग सापडला, रंगवाल्याने तो चार वेळा मिसळला, आणि आज सकाळी शेवटचा थर बसला.

तिने दोन वर्षांच्या लेकीला खेळण्यांसकट गॅरेजलगतच्या खोलीत ठेवून बाहेरून कडी लावली. कडी तपासली. पुन्हा तपासली. तरी जिवाला चैन पडेना, म्हणून गॅरेजात डोकावली. बॉनेटच्या ऐन मधोमध एक चिलट बसलं होतं.

बसलं कसलं, चिकटलंच होतं. भुवया कोरायच्या चिमट्याने तिने ते अलगद उचललं. चिलट आलं, पाय राहिले. पाय काढताना बोट टेकलं. बोटाचा ठसा पुसायला ओढणी लावली, तर धागे चिकटले. धागे उडवायला हेअर ड्रायर आणला, तर फळीवरची पाच महिन्यांची पॉलिशपेपरची धूळ उठली आणि सावकाश, जागा बघून बॉनेटवर बसली.

फाटकाशी टॅक्सी थांबली.

नवऱ्याचा चेहरा पाहून तिच्या तोंडून निसटलं, "पिल्लू! क्षणभर पाठ फिरवली रे मी!"

"तिचा हात पोचला कसा इथवर?"

"स्टुलावर चढली."

"आणि हा ड्रायर?"

"तो... मी आणला. सुकवायला."

सासरे मात्र गाडीभोवती फिरत डोळे पुसत होते. "अगदी हाच रंग रे! अरे, डागसुद्धा त्याच जागी! मी रंगवली तेव्हा तू असाच हात लावला होतास. केवढा मार खाल्लास!"

"मी नव्हता लावला, बाबा! तीस वर्षं सांगतोय!"

सासूबाई सुनेजवळ सरकल्या. "माशी?"

"चिलट," ती पुटपुटली.

"माझ्या वेळी माशी होती." मग त्या मोठ्याने म्हणाल्या, "जाऊ दे रे, लेकराचा हात तो! बापावर गेलीय पोर."

तेवढ्यात आतल्या दारावर थापा पडल्या. "आई, दाल उघल!"

नवऱ्याने बाहेरून लावलेल्या कडीकडे पाहिलं. मग बायकोकडे. मग, बराच वेळ, आईकडे.