तिसऱ्या सीडीचा आवाज

कॉम्प्युटरच्या पडद्यावर माणसं भराभरा तोंडं हलवत होती आणि आवाजाचा पत्ता नव्हता. रत्नपालरावांनी स्पीकरचं बटण उजवीकडे पिळलं, डावीकडे पिळलं, वरून दोन चापट्याही दिल्या. स्पीकरचा दिवा लागलेला होता, म्हणजे मेलं जिवंत तरी होतं. पण तोंड उघडेल तर शपथ!

"काल तर खणखणीत वाजत होतं की!" ते ओरडले. "आकांक्षा, तू काय केलंस याला?"

"मी काहून काय करू? काल तुमीच गाणे ऐकत बसले होते," बारावीतली धाकटी लेक फणकारली. "आन् सकाळी आईनं झाडलं. त्याच्यानंतर कोणी हात बी लावला न्हाई."

"झाडू बी नको काय? पाव्हणा येऊन राहिला घरी," स्वयंपाकघरातून चांगुणाबाई म्हणाल्या. "आन् मी म्हणते, ती सीडी लावाच काहून? जळबा येईल, जेवेल, लेकराला बघंल. झालं गेलं सोडून द्या ना आता."

सोडून द्या! रत्नपालरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या बाईनं वर्षभर सोडलं नाही, ती आज सोडून द्या म्हणत होती.

झालं होतं असं. थोरल्या राणीचं लग्न गेल्या साली हिंगोलीतच थाटात लागलं. आता आपल्याकडच्या लग्नात वरण पातळ झालं तर माणूस एकवेळ माफ करतो, पण सत्काराला माईकवरून नाव पुकारायचं राहिलं तर तो जन्माचा तुटतो. राणीच्या लग्नात मांडववाल्याचं नाव पुकारलं गेलं, गल्लीतल्या पिठाच्या गिरणीवाल्याचं गेलं, आणि नवरीच्या सख्ख्या मामाचं, सेनगावच्या जळबाचं, तेवढं राहिलं. जळबा न जेवता जीपमध्ये बसला तो गेलाच.

त्या दिवसापासून चांगुणाबाईंचा एकच धोशा. "माझ्या भावाचा मान तुमाला ठेवता आला न्हाई." कुकरची शिट्टी बिघडली तरी गाडी तिथंच यायची. एवढंच काय, रविवारच्या मटणातली नळी वर्षभरात रत्नपालरावांच्या ताटात पडली नव्हती. नळीवर त्यांचा भारी जीव. पण ती जाते कुठं, हे विचारायची छाती त्यांना होत नव्हती.

आता राणी बाळंतपणाला आलेली, आतल्या खोलीत लेकरू, पुढच्या रविवारी बारसं. मामाशिवाय बारसं करायचं कसं? रत्नपालरावांनी निरोप धाडला की बाबा, तुझं नाव मी माईकवरच्या तातेराव गुरुजींना सगळ्यांच्या आधी सांगितलं होतं, माईकवरून घेतलंही असेल, तुला गर्दीत ऐकू आलं नसेल. जळबाचा उलट निरोप आला, "सीडीत ऐकवा. नाव निघालं तर बारशाला येतो. न्हाई तर अक्काला भाऊ नव्हता समजा."

लग्नाच्या तीन सीड्या होत्या. पहिल्या दोन घरोघर फिरून झिजल्या. तिसरी सत्कारांची आणि भाषणांची. ती कोणी बघितलीच नव्हती, बघणार तरी कोण! तिची दुसरी प्रतही काढली नव्हती. पण रत्नपालरावांचं आभाराचं भाषण त्याच सीडीत होतं. आयुष्यात माईकवर केलेलं ते एकमेव भाषण. म्हणून झिजेल या भीतीनं तेही ती कधी लावत नसत, फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवत आणि कोणी बोट लावलं की अंगावर धावून जात.

आणि आज कामाच्या वेळेला हा कॉम्प्युटर मुका झाला होता.

तेवढ्यात जळबा आलाच. पांढरा सदरा, खांद्यावर गमछा. "जयभीम दाजी," असं म्हणून तो खुर्चीच्या अगदी कडेवर टेकला. कधीही उठून जाता यावं म्हणून.

"पाणी घे," रत्नपालराव म्हणाले.

"आधी सीडी."

"लावलीच आहे. फक्त आवाजाचं जरासं..."

जळबानं पडद्याकडे बघितलं. तातेराव गुरुजी माईक ओठाला लावून, मान वेळावून काहीतरी बोलत होते. "दाजी, हे तर नुसते ओठं हलून राहिले. ह्याच्यात माझं नाव हाय का म्हशीचा भाव हाय, कसं कळावं माणसानं?"

"आत्ता येतो आवाज. अबूबकरला बोलावलंय."

अबूबकरचं गल्लीच्या टोकाला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. तो आला, चप्पल काढली, जळबाला सलाम केला आणि डॉक्टर नाडी धरतो तसा माऊस धरला. "टेन्शन नको घेऊ साहब. दोन मिनिटांचं काम हाय."

त्यानं कॉम्प्युटर बंद करून चालू केला. "आता येतो बघा आवाज," रत्नपालराव जळबाला म्हणाले. आवाज आला नाही. अबूबकरनं जवळच्या सीडीतून दुसरा प्लेअर भरला. "आता मात्र येणार," रत्नपालराव म्हणाले. आवाज आला नाही, उलट होतं ते चित्र बिघडलं आणि मांडवातली सगळी माणसं हिरवीगार झाली. राणी आतून बाळ घेऊन बघायला आली आणि स्वतःचं हिरवं तोंड बघून परत गेली. अबूबकरनं तो प्लेअर काढून टाकला, पहिला परत बसवला. माणसं माणसांच्या रंगात आली. आवाज? नाव नको.

"वायर बघितली का रे मागची?" रत्नपालरावांनी विचारलं.

टेबल भिंतीला चिकटवलेलं, बाजूला गव्हाची कोठी. अबूबकरनं फटीतून हात घालून चाचपलं. "पिन बराबर बसेल हाय, साहब. लई घट्ट." मग पडद्याच्या कोपऱ्यात खालीवर नाचणाऱ्या रेघांवर बोट ठेवून तो म्हणाला, "हे बघा. कॉम्प्युटर तर म्हणून राहिला, आवाज चालू हाय."

"चालू आहे? मग आमचे कान गेले का रे सगळ्यांचे?" रत्नपालराव कडाडले.

"आवो, वरडू नका, लेकरू झोपलं," चांगुणाबाई दारात आल्या. हातात पळी. "जळबा, जेवायला ऊठ बरं. तुझ्यासाठी नळी काढून ठेवली मी."

"थांब अक्का! ती बघ, तूच हायेस की!" जळबा एकदम पुढं सरकला.

खरंच, पडद्यावर चांगुणाबाई आल्या होत्या. हिरवा शालू, डोक्यावर पदर. त्या लगबगीनं स्टेजवर चढल्या, अगदी कॅमेऱ्याच्या पुढ्यात आल्या, तातेराव गुरुजींचा माईक हाताच्या मुठीत झाकला आणि त्यांच्या कानाशी काहीतरी बोलल्या. गुरुजींनी मान हलवली आणि खाली उभ्या असलेल्या रत्नपालरावांकडे विचारल्यासारखं बघितलं. आणि पडद्यावरच्या रत्नपालरावांनी चक्क दोन्ही हात हलवून 'नको, नको' केलं.

अबूबकरनं माऊसवरचा हात काढून घेतला.

"अक्का," जळबानं पडद्यावरची नजर न काढता विचारलं, "काय सांगून राहिली होती तू गुरुजीला?"

चांगुणाबाईंनी पळी या हातातून त्या हातात घेतली. "काय सांगणार? माझ्या भावाचं नाव घ्या म्हणलं. दुसरं काय?"

"आन् दाजीनं नको म्हणलं!" जळबा उभाच राहिला. "बघितलं मी, ह्या डोळ्यानं बघितलं! वा दाजी, वा!"

"अरे, मी त्याला नाही रे! आचारी विचारत होता अजून भात टाकू का, त्याला नको म्हणत होतो!"

"कुठं हाय आचारी? दिसून तर न्हाई राहिला."

आचारी कॅमेऱ्यात नव्हताच. नाव घेतलं की नाही हा वाद होता तोवर परवडत होतं, आता तर नाव तोडल्याचा गुन्हा पडद्यावर सिद्ध झाला होता. तेही स्वतःच्या घरात, स्वतःच्या विजेवर! आता आवाजच काय तो वाचवणार. "अबूबकर, काहीही कर, पण आवाज काढ!"

अबूबकरनं डोकं खाजवलं. "साहब, फॉरमॅट मारावं लागतंय. समदं उडंल, पण मशीन नवं होईल."

"माझा प्रोजेक्ट हाय त्याच्यात!" आकांक्षा किंचाळली. अबूबकरनं ते निमित्त धरलं, चप्पल घातली, "शाम को आता हूँ," म्हणाला आणि गेला.

जळबानं गमछा झटकला. "निघतो अक्का मी."

"दम धर!" रत्नपालराव गरजले. आयुष्यात ते मेहुण्यावर पहिल्यांदाच गरजले होते, त्यामुळे जळबा खरंच बसला. त्यांनी गव्हाची कोठी कमरेनं रेटली, टेबल ओढलं आणि मागच्या जाळ्या-जळमटात डोकं घातलं. कॉम्प्युटरच्या पाठीला तीन भोकं, एक गुलाबी, एक हिरवं, एक निळं. स्पीकरची पिन गुलाबीत, म्हणजे माईकच्या भोकात बसली होती. अगदी घट्ट. हिरवं भोक रिकामं.

हात्तिच्या मारी! झाडताना निघाली असेल आणि दिसेल तिथं खुपसली. ते ओरडून सांगणारच होते, पण 'आता येतो' असं सांगून सकाळपासून एवढी शोभा झाली होती की या वेळी आधी आपण एकट्यानं ऐकायचं त्यांनी ठरवलं. "आकांक्षा, तुझं कानाला लावायचं दे इकडं. आणि आई स्टेजवर चढते तिथून लाव परत."

हेडफोनची पिन त्यांनी हिरव्या भोकात खुपसली. कानात मांडवाचा कल्ला उसळला. आला! आवाज आला! आणि मग अगदी कॅमेऱ्याच्या जवळून, स्वच्छ, ओळखीचा आवाज आला.

"तातेराव भाऊ, माझ्या भावाचं नाव घेऊ नका बरं. त्याच्या हाती माईक गेला की दिवस मावळतो. लोकं उपाशी बसून हायेत, भात गार होऊन राहिला. यांनी सांगितलं असंल तरी राहू द्या. उद्या भाऊ रुसला तर यांच्याच्यानं राहिलं म्हणून सांगते मी."

रत्नपालराव टेबलाखाली मांडी घालून बसले होते ते तसेच राहिले. वर्षभराचे टोमणे, वर्षभराच्या नळ्या त्यांच्या डोळ्यांपुढून गेल्या. हेडफोन काढून स्पीकरची पिन हिरव्या भोकात सरकवायची फक्त. सगळं घर ऐकेल, राणी ऐकेल, सेनगाव ऐकेल! त्यांचा हात गेलासुद्धा पिनेकडे.

"आला का दाजी?" जळबानं विचारलं.

रत्नपालरावांनी मान वर केली. चांगुणाबाई दारात उभ्या होत्या. पळीतून रस्सा पायावर ठिबकत होता, त्यांना भान नव्हतं. डोळे एकटक टेबलाखाली, त्या पिनेवर. झाडताना पिन निघते, हे खरं. पण ती आपल्या पायानं चालत शेजारच्या भोकात जात नाही. ते रत्नपालरावांना आत्ता कळलं. बाई भ्यालेली होती. पंचवीस वर्षांच्या संसारात ही बाई भ्यालेली त्यांनी पाहिली नव्हती. हिचा भाऊ आज तुटला तर तो कायमचा तुटणार होता.

त्यांनी हेडफोन काढला.

"नाही. नुसती खरखर आहे." मग धूळ झटकत ते बाहेर आले आणि एक मोठा श्वास घेतला. "जळबा, खरं सांगतो. तुझ्या अक्कानं तुझंच नाव सांगितलं होतं. मीच नको म्हणालो. उशीर होत होता, माझी मती फिरली. चुकलं माझं."

जळबा बघतच राहिला. दाजीनं चूक कबूल केल्याचं त्याच्या पाहण्यात पहिल्यांदाच घडत होतं. तो उठला आणि त्यांचा खांदा धरला. "झालं दाजी. माणसानं कबूल केलं, संपलं. आता बारशाला येतो मी. पर माईक मला पाहिजे."

"दिला."

"पहिलं भाषण."

"पहिलं तुझंच," रत्नपालराव म्हणाले, आणि बारशाचं जेवण संध्याकाळी ठेवावं लागणार, हे त्यांनी मनातच ठरवून टाकलं.

"आन् एक. ती सीडी द्या मला," जळबानं गमछ्यानं डोळे पुसले. "सेनगावात एक पोरगं हाय, कसाबी आवाज काढतं. माझी अक्का माझ्यासाठी स्टेजवर चढली, काय बोलली, ते समद्या गावाला ऐकवतो मी. डॉल्बी लावून ऐकवतो!"

चांगुणाबाईंच्या हातातली पळी खाली पडली.

रत्नपालरावांनी सीडी बाहेर काढली. फडक्यानं हलकेच पुसली. आपलं आभाराचं भाषण त्यांनी मनातल्या मनात एकदा आठवून घेतलं. मग "कव्हर कुठं ठेवलं बरं," असं पुटपुटत सीडी खुर्चीवर ठेवली, इकडंतिकडं बघितलं आणि सगळं वजन देऊन खुर्चीत बसले.

काडकन आवाज झाला. त्या घरात सकाळपासून सीडीनं केलेला तो पहिला आवाज.

"अगं माय!" चांगुणाबाईंनी असा काही सूर लावला की आतलं लेकरू दचकून रडायला लागलं. "डोळे फुटले काय तुमचे? लेकीच्या लग्नाची सीडी! एक काम धड न्हाई या माणसाच्या हातून! तिकडं नाव बुडवलं, इकडं सीडी मोडली! माझ्या भावाला आता काय ऐकवू मी?"

रत्नपालराव खाली मान घालून सीडीचे तुकडे गोळा करत होते. बोलणी खाताना हसू येऊ नये म्हणून त्यांना फार त्रास पडत होता.

"आता बस कर अक्का!" जळबाच कळवळला. "दाजीला किती बोलशील? गरीब माणूस हाय. वर्षभर असंच बोलून राहिली का तू त्यांला? काही वाटतं का तुला? चला दाजी, चला जेवायला. माझ्याजवळ बसा."

दोघं मांडीला मांडी लावून बसले. चांगुणाबाई पातेलं घेऊन आल्या, पाव्हण्याला सोडून आधी नवऱ्यासमोर वाकल्या आणि पळीत शोधून शोधून एक चांगली जाडजूड नळी त्यांच्या ताटात सोडली. रत्नपालरावांनी नळीकडे बघितलं, मग बायकोकडे.

जळबानं आपलं ताट बघितलं, दाजीचं ताट बघितलं. "अक्का, नळी तर माझ्यासाठी काढली होती ना?"

"तुला बारशाला माईक हाय ना," चांगुणाबाई म्हणाल्या. "नळी यांची हाय."