मेश्राम गुरुजींचा परीक्षार्थी

मेश्राम गुरुजी दर रविवारी सकाळी नऊला माझ्या घरी येऊन माझ्या मोबाइलची परीक्षा घेत. खिशात लाल पेन, बगलेत वही. त्यांचं घर आदिलाबादेत, आमच्या शेजारी. नोकरी मात्र उभा जन्म तलमडुगुकडच्या मराठी शाळेत. शनिवारी घरी येत, सोमवारी परत जात. निवृत्त झाले तरी कुणाला नापास केल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे.

परीक्षेचा विषय एकच, खुणा. मागच्या वर्षी गुरुजींच्या पत्नी, आमच्या काकू, वारल्या आणि हे खूळ सुरू झालं. एकट्या माणसाला काहीतरी विरंगुळा हवा, म्हणून मीही चालवून घेतलं.

पहिला प्रश्न होता दाराला अडकवलेल्या कडुलिंबाच्या डहाळीचा. मोबाइलमधला एआय फोटो पाहून म्हणाला, डास पळवण्यासाठी. गुरुजींनी वहीत भला मोठा शून्य काढला.

"डास नाई बे, बाळंतीण हाये घरात! लिंब दिसला याले, घर काऊन नाई दिसलं?"

मग पायवाटेवर आडवी टाकलेली बाभळीची फांदी. मोबाइल म्हणाला, वादळाने पडली असावी.

"इकून जाऊ नका म्हणून राह्यली ते फांदी, अन् हा वादळ पाहून राह्यला!" पुन्हा शून्य.

मी दिवसभर ऑफिसात कॉम्प्युटरपुढे बसणारा माणूस. माझ्याच घरात मोबाइलची ही बेइज्जती मला बघवेना. शिवाय रविवारचे दोन तास जात, ते वेगळेच. मी सरळ कॉपी पुरवायला लागलो. फोटोसोबत हळूच टाइप करायचो, 'आमच्याकडे याचा अर्थ अमुक आहे.' मोबाइल तेच घोळवून फडाफडा सांगायचा.

"सुधरून राह्यलं पोरगं," गुरुजी खूश व्हायचे. एका रविवारी तर त्यांनी दहापैकी नऊ दिले. अख्ख्या नोकरीत ज्यांच्या नजरेतून एक चिठ्ठी सुटली नाही त्यांना आपण फसवलं, याचा मला चक्क अभिमान वाटला होता. आज हे लिहिताना कान गरम होतात.

पुढच्या रविवारी गुरुजी आले ते वही न घेता. त्यांनी एक कागद उलगडला. काकूंनी स्वयंपाकघराच्या दारामागे कोळशाने खुणा काढल्या होत्या, त्या गुरुजींनी जशाच्या तशा उतरवून आणल्या होत्या. उभ्या रेघा, मध्येच एखादा गोल, गोलात ठिपका. काकूंना लिहिता येत नव्हतं.

"गावाची पोरं शिकवली, इले नाई शिकवलं," ते मान खाली घालून म्हणाले. "अन् हे काय काढतं म्हणून बी नाई इचारलं कदी. आता कोणाले इचारू? हा पास झाला, म्हून आणलं."

या वेळी माझ्याजवळ पुरवायला काहीच नव्हतं. मोबाइल मात्र जराही अडखळला नाही. म्हणाला, रेघा म्हणजे दिवस, गोल म्हणजे घर, ठिपका म्हणजे परत आलेला माणूस. ही बाई कुणाची तरी वाट पाहत होती.

गुरुजींचे डोळे भरले. "शनवारी येत होतो ना मी... बरोबर हाये ना, बाबू?"

"हो, गुरुजी," मी म्हणालो.

ते गेल्यावर मी त्याच कागदाचा फोटो नव्याने दाखवला. आता मोबाइल तितक्याच खात्रीने म्हणाला, कोंबडी अंड्यांवर बसवल्याचे दिवस. तिसऱ्यांदा विचारायची माझी हिंमत झाली नाही. सगळं कबूल करावं म्हणून रोज निघायचो आणि फाटकापासून परत यायचो. रविवारी गुरुजी आले नाहीत, तेव्हा मात्र गेलो.

मी तोंड उघडण्याआधीच त्यांनी मला हाताला धरून दारामागे नेलं. काकूंच्या प्रत्येक रेघेखाली, फळ्यावरच्या त्या वळणदार अक्षरात, त्यांनी लिहिलं होतं, 'आज वाट पाहिली.' प्रत्येक गोलाखाली, 'आज ते आले.' बोट ठेवून त्यांनी मला एकेक ओळ वाचून दाखवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"खडूनं लिहिलं त पुसलं जाते," ते म्हणाले. "म्हून ऑइल पेंट आणला."

मी म्हणालो, छान दिसतंय.